कोरडवाहू रानात साग: टिश्यू कल्चरचं रोप, निलंबूरचं बी की जवळच्या डोंगरातलं?

मुरमाड माळावर किंवा बांधाच्या कडेनं साग लावायचं ठरलं की पहिला प्रश्न रोपाच्या दराचा असतो, दुसरा दोन झाडांतल्या अंतराचा. रोप कोणत्या आईबापाचं आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. वर्षाला ७०० ते ९०० मिलिमीटर पाऊस आणि दसऱ्यानंतर थेंब नाही, अशा रानात खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. ठिबक असलेल्या बागायतदारानं हे वाचलं नाही तरी चालेल. पाणी हाताशी असलं की वंशाचे बरेच दोष झाकले जातात.

आधी एक गैरसमज दूर करू. कपाशीत बोंडअळीसाठी बीटीचं जनुक बाहेरून घातलं, तसं ‘दुष्काळाचं जनुक’ सागात नाही, आणि दुसऱ्या कुठल्या जंगली झाडातही एकट्यानं काम भागवणारं असं जनुक सापडलेलं नाही. मूळ किती खोल जातं, पानावरची रंध्रं, म्हणजे बाष्प बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रं, ऊन चढताना कधी मिटतात, पानं केव्हा गळतात, लाकडातल्या नळ्यांत हवा शिरून पाण्याची धार कधी तुटते, या प्रत्येक गोष्टीमागे अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो.

जर्मनीत २०१८ च्या दुष्काळात तिथल्या जंगलातली बीच नावाची झाडं वाळली, तेव्हा हेसन राज्यात संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या जोड्या निवडल्या: माती तीच, पाऊस तोच, पण एक झाड वाळलेलं आणि दुसरं हिरवं. चारशेहून जास्त झाडांचा डीएनए वाचल्यावर फरकाशी जोडलेल्या शंभरावर जागा जनुकसंचात, म्हणजे झाडाच्या सगळ्या डीएनएत, विखुरलेल्या निघाल्या. हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या कामाची गोष्ट त्यातल्या जोड्यांची आहे. एकाच रानात, एकाच जातीत, दोन हातांवर तगणारं आणि न तगणारं झाड उभं असू शकतं.

सागाचाही जनुकसंच वाचून झाला आहे. कोइम्बतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा पहिला मसुदा २०१८ मध्ये मांडला. पण पान तपासून ‘हे रोप दुष्काळात तगेल’ असा दाखला देणारी चाचणी रोपवाटिकेत मिळत नाही. कुणी तसं सांगून जास्त पैसे मागितले तर खुशाल उठून यावं.

आता टिश्यू कल्चर. प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्याशा तुकड्यापासून वाढवलेलं यातलं प्रत्येक रोप एका निवडलेल्या झाडाची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, असतं. अशी झाडं, म्हणजे वनखात्याच्या भाषेत प्लस ट्री, निवडताना खोड सरळ आहे का, उंची आणि घेर किती, फांद्या कशा, हे बघतात. दुष्काळातली तग ही कसोटी सहसा नसते. त्यामुळे वाढ एकसारखी मिळते, फाटे कमी फुटतात, रांगा देखण्या दिसतात, आणि चांगल्या पाण्यावर याला तोड नाही. कोरड्या माळावर मात्र दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली मुळांची. बियातून उगवलेल्या रोपाचं सोटमूळ थेट खाली धाव घेतं. टिश्यू कल्चरच्या रोपाला मुळं खोडाच्या बुडातून फुटतात आणि त्यांतली एखाद-दोनच सोटमुळाचं काम अंगावर घेतात. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच निकाल लागतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. क्लोन चुकीचा निघाला तर सगळं रान एकदम चुकीचं निघतं. दक्षिण भारतातल्या निलगिरीवाल्यांनी हे सोसलं आहे: २००० नंतरच्या दशकात पानांवर गाठी करणारी बारीक गांधीलमाशी आली आणि तिला बळी पडणाऱ्या क्लोनचे मळे सरसकट आजारी पडले. दुष्काळाचंही तसंच आहे. वेगानं वाढणारं झाड रंध्रं उघडी ठेवून वाढतं. पाणी संपल्यावर तीच सवय नडते.

जाहिरातीतल्या ‘बारा वर्षांत तयार’बद्दल एवढंच सांगतो की ते आकडे पाणी आणि खत देऊन काढलेले असतात, आणि कोवळ्या सागात गाभ्याचं लाकूड मुळातच कमी असतं.

केरळातल्या निलंबूरचं नाव मोठं आहे, आणि ते उगाच नाही. मलबारच्या कलेक्टर कॉनली यांच्या काळात, १८४० च्या दशकात, तिथे सागाची लागवड सुरू झाली. पण त्या भागात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. त्या बियाण्याच्या कित्येक पिढ्यांची निवड तिथल्या ओलाव्यानं केली आहे. पालवी आणि मोहोर यांची वेळही बरीचशी वंशागत असते, म्हणजे झाड आपलं कॅलेंडर सोबत घेऊन येतं. कोकणात, गोव्यात, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ते जमून जाईल. बीड-लातूरच्या माळावर मी ते सुचवणार नाही.

उरलं जवळच्या कोरड्या जंगलाचं बी, आणि माझा कल इकडेच आहे. मेळघाट, यवतमाळ, किनवट, चंद्रपूर इथला साग शतकानुशतकं लांब उन्हाळे सोसत आला आहे. भारतातल्या सागात आनुवंशिक विविधता भरपूर आहे आणि पूर्वेकडे लाओसच्या दिशेनं जाताना ती घटत जाते, असं डीएनएवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे कच्चा माल आपल्या दारात आहे. साग मुख्यतः परपरागीकरणानं, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागानं, फळतो, त्यामुळे एका झाडाखालच्या बियांतही बाप अनेक असतात. शंभर रोपांतली काही रडतील, काही मरतील, पण सगळी एकाच कारणानं एकाच उन्हाळ्यात जाणार नाहीत.

याचे तोटेही लपवत नाही. झाडं एकसारखी येत नाहीत, फाटे जास्त फुटतात, विरळणी वेळेवर करावी लागते आणि सुरुवातीची वाढ पाहून शेजारी हसतो. शिवाय ‘स्थानिक’ म्हटलं की सगळंच वेगळं असतं असंही नाही. युरोपातल्या सागरी पाइन या झाडावर २०११ मध्ये झालेल्या अभ्यासात ओल्या आणि कोरड्या भागांतल्या झाडांच्या पाणीनळ्यांची दुष्काळ सोसण्याची क्षमता जवळजवळ सारखीच निघाली. तिथे जागेनुसार फरक पडत असेल तर तो मुळं, पानं आणि रंध्रांच्या वागण्यातच शोधावा लागतो. म्हणून बी जवळचं आहे एवढ्यावर भागत नाही. रोपाचं मूळ पिशवीत वेटोळं झालेलं असेल तर उत्तम वंशही वाया जातो.

रोपवाटिकेत विचारायचं ते असं: बी कोणत्या वनपरिक्षेत्रातलं, आणि किती झाडांवरचं? रस्त्याकडेच्या दोन-तीन झाडांखाली झाडून गोळा केलेलं बी नको. निदान वीस-पंचवीस झाडं, एकमेकांपासून शंभरेक मीटर लांबची, असं उत्तर मिळालं तर तो माणूस कामाचा. बीजोद्यानातलं, म्हणजे निवडक झाडं फक्त बियाण्यासाठी लावलेल्या बागेतलं, बी मिळालं तर चांगलंच, पण सागाच्या बीजोद्यानांत फळधारणा कमी होते, त्यामुळे भरवसा धरू नका.

दोन एकरांवर लावणार असाल तर त्यातलं तीन-चतुर्थांश रान जवळच्या बियाण्याच्या रोपांनी भरा. विहिरीजवळ, जिथे पहिले उन्हाळे पाणी देता येईल, तिथे हौस म्हणून क्लोनच्या काही रांगा लावायला हरकत नाही. मात्र त्या एकाच क्लोनच्या नकोत. भारी, पाणी धरून ठेवणारी काळी जमीन असेल तर हा सगळा वाद सोडा, सागाला ती मानवतच नाही. तिथे बाभूळ बघा.

आणि लाकूड विकायचा विचार असेल तर लावतानाच सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. साग तोडायला महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. बियाण्याची सागजडी, म्हणजे लावणीसाठी छाटलेलं खोड-मुळाचं खुंट, हवी असेल तर ती यंदा मागून यंदा मिळत नाही. फळं नोव्हेंबर ते जानेवारीत पिकतात, कवच टणक असल्यानं बी आलटून पालटून भिजवावं आणि वाळवावं लागतं, उन्हाळ्यात वाफ्यावर टाकलं की वर्षभरानं अंगठ्याएवढी जाड जडी तयार होते. येत्या नव्हे, त्यापुढच्या जूनची मागणी या हिवाळ्यातच नोंदवा.