संमतीविना संशोधन: रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठीच्या एका प्रशिक्षणवर्गाविषयी

रुग्णवाहिकेवरील डॉक्टर आणि तंत्रज्ञांसाठी सोलापुरातील एका खासगी संस्थेने ‘आपत्कालीन संशोधन आणि संमती’ या विषयावर घेतलेला एकदिवसीय वर्ग नुकताच केला. शुद्ध हरपलेल्या रुग्णाला औषधाच्या चाचणीत घ्यावे की नाही, याचा निर्णय नैतिकता समित्या करतात. पण इंजेक्शन देणाऱ्याचे मत आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही, त्यामुळे विषयाच्या निवडीबद्दल संस्थेला पूर्ण गुण द्यावे लागतील.

सकाळचे सत्र ब्रिटनमधील ‘पॅरामेडिक-२’ चाचणीवर होते आणि ते उत्तम झाले. हृदय बंद पडलेल्या ८,०१४ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना ॲड्रेनलिन (हृदय पुन्हा सुरू व्हावे म्हणून देतात ते औषध) आणि उरलेल्यांना नुसते सलाइन, म्हणजे मिठाचे पाणी, देण्यात आले. पाकिटातील भरलेल्या सिरिंज दिसायला सारख्या असल्याने आपण काय टोचतो आहोत, हे देणाऱ्यालाही कळत नव्हते. २०१८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३.२ आणि २.४ टक्के निघाले. मात्र वाचलेल्यांमध्ये मेंदूची गंभीर हानी झालेले ॲड्रेनलिनच्या गटात ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे १८ टक्के होते. आधी संमती घेणे अशक्यच होते. ज्यांना सहभाग नको असेल, त्यांच्यासाठी ‘नो स्टडी’ असे कोरलेले कडे मागवण्याची सोय तेवढी ठेवलेली होती.

यावरची चर्चा वर्गातील सर्वांत मोलाची होती, आणि नेमकी तीच घाईने गुंडाळली गेली. मोहोळकडचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “दोन चालू औषधांची तुलना असेल तर माझी हरकत नाही, पण सिरिंजमध्ये नुसते पाणी असू शकते हे ठाऊक असताना पोरासमोर त्याच्या बापाला ती टोचणे मला जमणार नाही.” त्यावर एका तरुण डॉक्टर मॅडमनी विचारले, “खात्री नसलेले औषध आपण रोज देतो, तोही प्रयोगच नाही का, सर? फक्त त्याची नोंद होत नाही.” मला मॅडमचे म्हणणे पटते, तरीही ज्येष्ठांची अडचण ‘गैरसमज’ म्हणून उडवून लावण्याजोगी नव्हती; प्रशिक्षकांनी मात्र तेच केले.

दुपारच्या सरावात उणिवा उघड्या पडल्या. संमतीपत्र चार पानी, बारीक टायपातले, फक्त मराठी आणि इंग्रजीत होते. रुग्णाच्या आईची भूमिका करणाऱ्या सहकाऱ्याने मुद्दाम तेलुगूतून प्रश्न विचारले, तेव्हा वर्ग हसला आणि प्रशिक्षक निरुत्तर झाले. पूर्व भागातील विणकरांच्या वस्तीत किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत जाणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही.

रुग्णाच्या वतीने संमती देणारा प्रतिनिधी उपलब्ध नसेल आणि संशोधन लांबवता येत नसेल, तर ते सुरू करून संमती लवकरात लवकर घ्यावी, असे वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांचा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. पण रुग्णाला सिव्हिलला सोपवून आम्ही पुढच्या कॉलवर निघालो, की ती संमती कोणी घ्यायची, हा प्रश्न दोनदा विचारूनही उत्तर मिळाले नाही.

जेवण ठीक होते. शुल्क सकाळच्या सत्रापुरते वसूल होते. पुढच्या तुकडीत नाव नोंदवणाऱ्यांनी तेलुगू आणि कन्नड संमतीपत्रांची मागणी आधीच करून ठेवावी.