तंबोऱ्याची जवारी, सतारमेकर गल्ली, मिरज

आईचा जुना तंबोरा मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात जवारीला (म्हणजे तार नीट घुमावी म्हणून घोडी घासून घ्यायला) दिला, दुकानातले काका फोनवरच बोलले "घाई असंल तर आणू नका". तासभर एकच चाललेलं, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानशीचा हलका हात मारायचा, तार चढवायची, कान लावून ऐकायचं की परत उतरवायची, मला तर आधीच झ्याक वाटत होतं पण त्यांचं आपलं "खर्ज (सगळ्यात खालचा सूर) अजून बसला न्हाई". शेवटी तारेखालचा दोरा जरासा सरकवला आन् काय घुमला राव!! भोपळ्याची चीर पण न सांगता भरून दिली, वेगळे पैसे नाहीत. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तो उगाच नाही. पावती मात्र मागून घ्या, आणि गल्लीत चारचाकी नेऊच नका.