माझ्या जॉर्डनचा सोल कुणाच्या पायात आहे?

डाव्या बुटाच्या सोलवर, अंगठ्याच्या बरोबर खाली, एक काप होता. जेमतेम दीड इंचाचा, शेपटीकडे वळलेला, शाळेत बाई उत्तराला देतात त्या 'बरोबर'च्या खुणेसारखा. 2022 च्या पावसाळ्यात हे बूट घालून लोणावळ्याला जायचा मूर्खपणा मी केला होता आणि एका पडक्या कठड्याच्या सळईवर पाय पडला. तेव्हा जीव कळवळला होता. आता वाटतं, बरं झालं. तो काप नसता तर मला फसवलंय हे मला जन्मात कळलं नसतं.

बूट म्हणजे एअर जॉर्डन 4, 'ब्रेड' रंगातले. ब्लॅक आणि रेड जोडून झालेला शब्द आहे, पावाशी संबंध नाही (आईला हे अजून पटलेलं नाही). हा बूट टिंकर हॅटफील्डने रेखाटला, बाजारात आला 1989 मध्ये. त्याच वर्षी 7 मे रोजी क्लीव्हलँडविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनने क्रेग एहलोला चकवून बास्केट टाकली आणि सामना काढला, तेव्हा त्याच्या पायात हेच काळे-लाल जॉर्डन होते. नाईकी कंपनीने ते पुन्हा पुन्हा काढले: 1999, 2008, 2012, 2019. माझे 2019 चे. न्यू जर्सीतल्या मामेभावाने दुकानाच्या छापील भावात, 200 डॉलरला घेतले. आपले साधारण चौदा हजार. दिवाळीला येताना त्याने खोका सपाट करून बॅगेच्या तळाशी घातला आणि बुटांत मामीसाठीचे बदाम कोंबून आणले. माझ्या पगारात असे बूट एकदाच येतात.

मी ते काचेच्या कपाटात ठेवले नाहीत. दर शनिवारी घालायचो. पाच वर्षांनी मिडसोलचा, म्हणजे सोलमधल्या फोमच्या जाड थराचा, पांढरा रंग बोटं वाकतात तिथे तडकून पापुद्र्यासारखा निघायला लागला, न्युबकवर, म्हणजे वरच्या मखमली चामड्यावर, डोंबिवलीच्या धुळीचा राखाडी थर बसला. मग शोधाशोध. मुंबईच्या पश्चिम उपनगरातला एक छोटा गाळा सापडला. इन्स्टाग्रामवर आधी-नंतरचे सुरेख व्हिडिओ, हजारो फॉलोअर्स, आणि मालक पोरगा आपल्याच भाषेत बोलणारा. नाव देत नाही. प्रकरण चालू आहे आणि वकील मैत्रिणीने तोंड बंद ठेवायला सांगितलंय.

गाळ्यात गेलो त्या दिवसाचं एकेक दृश्य मी नंतर शंभरदा आठवलं. कुठलाही साफसफाईवाला बूट हातात घेतला की आधी वरचा भाग बघतो, डाग कुठे आहेत ते. या पोराने बूट घेतला आणि आधी उलटा केला. टाचेजवळचा फोम अंगठ्याने दाबला. सोडला. पुन्हा दाबला. मग विचारलं, "2019 चा ना, सर? नंबर नऊ? नेहमी घालता?" मी म्हटलं, आठवड्यातून एकदा. "म्हणून सोल जिवंत आहे बघा." माझी छाती फुगली. आपला माल जाणणारा माणूस भेटला असं वाटलं. जाणत होताच तो.

हे दाबून बघणं कशासाठी होतं ते सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. या बुटांचा मिडसोल पॉलियुरेथेनचा असतो. मऊ, जड, चालायला सुख. पण त्या फोममधले एस्टरचे बंध हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस पाय टाकला की सोल नानकटाईसारखा चुरा होऊन खाली पडतो. आपल्या समुद्रकाठच्या हवेत तर हे आणखी लवकर. गंमत अशी की, जपून खोक्यात ठेवलेले बूट जास्त लवकर मरतात आणि अधूनमधून घातलेले टिकतात, असा बहुतेक संग्राहकांचा अनुभव आहे. ज्यांनी 2008 किंवा 2012 चा जोड लग्नातल्या शालूसारखा जपला, त्यांच्याकडे आज वरचा भाग कोरा करकरीत आणि खाली भुगा. अशा माणसाला हवा असतो त्याच आकाराचा, कंपनीचाच, नंतरच्या सालातला धडधाकट सोल. म्हणजे दुसरा जोड फाडून त्याचा सोल काढायचा आणि आपल्या बुटाला लावायचा. याला सोल स्वॅप म्हणतात. त्यात काही बेकायदा नाही, चांगले कारागीर उघडपणे करतात. जॉर्डन 4 चा सोल नुसता चिकटवलेला असतो, जॉर्डन 1 सारखी कडेने शिलाई नसते. हीट गन आणि अ‍ॅसिटोन असलं की तो बाजूला करायला फार वेळ लागत नाही.

प्रश्न एवढाच, की फाडायला दुसरा जोड आणायचा कुठून? विकत घेतला तर नफा जातो.

'डीप क्लीन, मिडसोल रीपेंट, न्युबकला रंग' असं ठरलं. 2,800 रुपये, अर्धे आगाऊ यूपीआयने. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ आली: एक जोड, जे-फोर, काम चालू. बूट कुठल्या अवस्थेत दिला, सोलवर काय खुणा आहेत, काही नाही. मीही मागितलं नाही. चौदा हजारांच्या बुटाला मी लाँड्रीत शर्ट टाकावा तसा टाकून आलो.

बारा दिवसांनी घ्यायला गेलो. डोळे दिपले, खोटं कशाला बोलू. न्युबक काळाभोर, मिडसोल बर्फासारखा, आणि सोलवरचा काप गायब. मी विचारलंसुद्धा, "अरे, तो कट?" तो हसला. "भरून घेतला, सर. आपल्याकडून भेट." माझ्या डोक्यात हे शिरलं नाही की रबराचा काप भरला तरी वण राहतो. कपडा रफू करा, डोळ्याजवळ नेला की दिसतोच ना? मी तिथेच उभं राहून पाच तारे दिले. खाली फोटोसकट लिहिलं, 'नव्याहून नवे'. ते वाक्य खरं निघालं, फक्त वेगळ्या अर्थाने.

पहिले काही शनिवार काहीतरी चुकतंय असं पायाला वाटत होतं. बूट हलका लागत होता. टाच टेकली की आधीसारखी दबत नव्हती, टकटक वाजायची. मी समजलो, नवा रंग सुकून कडक झाला असेल. माणूस स्वतःला किती छान समजावतो.

मग जुलैच्या पावसात, स्टेशनच्या पुलावर, उजव्या बुटाने पुढून तोंड उघडलं. पायऱ्या उतरून खाली बसतात त्या चर्मकार मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवला, फटीत रापीचं टोक घातलं, वास घेतला.

"साहेब, हे पेस्टिंग कंपनीचं नाय. हातानं सुलोचन लावलंय, अन् रफिंग केलं नाय नीट. कुणी केलं?"

सुलोचन म्हणजे सोल्युशन, रफिंग म्हणजे चिकटवण्याआधी घासून खरखरीत करणं. त्यांनी अजून थोडं उचकटलं आणि आतला फोम नखाने दाबून दाखवला. "हा चपलीचा माल आहे. हवाई चपलीचा." म्हणजे ईव्हीए. तोही काही वाईट पदार्थ नाही, धावायच्या कितीतरी बुटांत असतो. पण माझ्या बुटात तो असायचं कारणच नाही. पॉलियुरेथेनपेक्षा तो बराच हलका असतो, आणि नकली जॉर्डन बनवणाऱ्यांना स्वस्त पडतो. टाचेच्या खिडकीतून जी हवेची पिशवी दिसते, ती मामांनी बोटाने ठोकली. नुसतं प्लास्टिक, मागे पोकळ. मामांनी वीस रुपये घेतले नाहीत. म्हणाले, "याला हात लावून माझं नाव कशाला खराब करू?"

ठाण्याच्या एका मित्राकडे हाच 2019 चा जोड आहे, नंबरही नऊच. त्याच्या आईच्या फराळाच्या वजनकाट्यावर दोन्ही ठेवले (खाली पेपर घालून, तरी काकू रागावल्या). एका बुटामागे सत्तर-एक ग्रॅमचा फरक. वरचा भाग मात्र माझाच होता: आतली शिलाई, जिभेवरचं लेबल, लेबलावरचा 308497-060 हा नंबर, सगळं जागेवर. त्यांनी अख्खा बूट बदलला असता तर मी पहिल्याच दिवशी ओळखला असता. त्यांनी माणसाला मूत्रपिंड काढून, टाके घालून, केस विंचरून घरी पाठवावं तसं केलं होतं.

पुरावा मिळाला तो त्यांच्याच दुकानातून. मित्र त्या पेजचे जुने व्हिडिओ खाली खाली सरकवत गेला. माझे बूट त्यांच्याकडे होते त्याच आठवड्यात टाकलेला एक: '2012 चा जोड पुन्हा जिवंत'. फिरत्या तबकडीवर बूट. टाचेवर उडी मारणाऱ्या जॉर्डनचं चिन्ह, म्हणजे बूट माझा नव्हे. 2019 च्या टाचेवर नाईकी एअर आहे. वरचा भाग कोरा, कधीच न घातलेला. मग हात येतो आणि बूट उलटा करतो. डाव्या सोलवर, अंगठ्याखाली, 'बरोबर'ची खूण.

आम्ही तो व्हिडिओ आधी उतरवून घेतला, मग फोन केला. क्रम असाच ठेवा, कारण फोननंतर तासाभरात तो पेजवरून गेला. पोरगा आधी म्हणाला, असे काप कितीतरी बुटांना असतात. मग म्हणाला, तुम्ही दिला तेव्हाच सोल डुप्लिकेट होता. मग म्हणाला, कारागीर गावी गेलाय. शेवटी 2,800 रुपये परत पाठवले आणि 'मॅटर क्लोज' असं लिहिलं. मी लगेच 'मान्य नाही' असं उत्तर दिलं. गप्प बसलो असतो तर ते मान्यच ठरलं असतं, असं मैत्रीण म्हणते.

पोलिसांत हवालदारांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे बूट तुमच्याकडे आहे, फक्त तळ चोरीला गेला?" मला स्वतःलाच हसू आलं. अर्ज घेतला, पोच दिली. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथे नंबर मिळतो, तो जपून ठेवा. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. मला माहीत नव्हतं म्हणून सांगतो: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुकान मुंबईत असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

माझ्या बाजूने सगळ्यात भक्कम काय ठरलं? वरळीच्या कठड्यावर बसून, पाय कॅमेऱ्याकडे करून काढलेला एक वात्रट फोटो. त्यात तो काप स्वच्छ दिसतो आणि फोटोला तारीख आहे. हा फोटो नशिबाने होता. तुम्ही मुद्दाम काढा. बूट देण्याआधी काउंटरवरच, त्या माणसासमोर, दोन्ही सोल, टाच, लेबल, आतली बाजू असा सलग व्हिडिओ करा. प्रामाणिक कारागीर उलट बरं म्हणतो. इनसोल उचलून खालच्या पुठ्ठ्यावर पेनने तारीख आणि सही करा. पण ती खूण वरच्या भागाची राखण करते, सोलची नाही. सोलसाठी वजन. घरच्या काट्यावर दोन्ही बूट वेगवेगळे तोलून आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर त्यालाच पाठवून ठेवा. रंगाने चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे होतील, सत्तर होणार नाहीत. आणि काही बदललं तर जुना भाग परत मागा. गॅरेजवाला जुने ब्रेकशू पिशवीत घालून देतो, मग हा का नाही देणार?

खरं तर माझ्या बुटाला गाळ्यात जायची गरजच नव्हती, हे मला उशिरा कळलं. न्युबकवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने आणि खोडरबरासारख्या सुएड इरेजरने जाते. पाणी ओतायचं नाही. मिडसोलला सौम्य साबण, जुना टूथब्रश, लगेच कोरडं फडकं. भांड्यांसाठी मिळणारा पांढरा मेलामाइन स्पंज मात्र जपून, तो बारीक सँडपेपर आहे, डागाबरोबर रंगही उतरवतो. वॉशिंग मशीन नको, गॅलरीतलं ऊन नको. पारदर्शक सोलचा पिवळेपणा घालवायला लोक केस रंगवायच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून, प्लास्टिक गुंडाळून, उन्हात ठेवतात. चालतं ते, पण थर कमी-जास्त झाला की सोलवर नकाशा उमटतो. मिडसोलचा उडालेला रंग तेवढा शिकून घ्यावा लागतो: जुना रंग अ‍ॅसिटोनने उतरवायचा आणि चामड्याच्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ पातळ थर द्यायचे. जाड दिला की बोटांच्या घडीवर पुन्हा तडकतो. मी आता जुन्या कॅनव्हासच्या बुटावर हात बसवतोय. आईने त्या ब्रशला स्वयंपाकघरात बंदी घातली आहे.

पाच तारे मी काढले नाहीत. काढले तर तारखेसकट ते लिखाण जातं, आणि बूट त्यांच्याकडे होते याचा तो उघड पुरावा आहे. खाली दुरुस्ती जोडली आहे.

एक माणूस राहिला. 2012 च्या जोडाचा मालक. त्याने सोल स्वॅपचे सात-आठ हजार तरी मोजले असणार, आणि आपल्याला चोरीचा माल बसवलाय हे त्याच्या गावीही नसेल. तुमच्याकडे, किंवा तुमच्या ओळखीत कुणाकडे, 2012 चे काळे-लाल जॉर्डन 4 असतील, नंबर नऊ, गेल्या पावसाळ्याच्या आधी नवा सोल बसवून घेतलेले, तर डावा बूट एकदा उलटा करून बघा. खूण दिसली तर घाबरू नका, बूट तुमचाच, सोलही आता राहू दे. मला फक्त तुमची पावती हवी आहे.