‘500 ला बसते’ म्हणून गळ्यात मारलेली लेन्स

गड्ड्याच्या यात्रेआधी सोलापुरातल्या एका फोटोग्राफरने हॅसलब्लाड 500 सीएम या फिल्म कॅमेऱ्यासाठी 80 मिमीची जुनी प्लॅनर लेन्स मागवली. ‘काच स्वच्छ, 500 ला बसते,’ असं विकणाऱ्याने फोनवर सांगितलं. सगळे पैसे आगाऊ. लेन्स आली आणि खरोखर बसलीही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा रोल मात्र धुऊन आला तो बाराच्या बारा निगेटिव्ह काळ्या कुळकुळीत.

ती लेन्स एफ मालिकेची होती. ही मालिका निघाली हॅसलब्लाडच्याच 1977 च्या 2000 एफसी कॅमेऱ्यासाठी, ज्याचं शटर, म्हणजे उजेड ठरावीक वेळच आत सोडणारा पडदा, बॉडीत असतं. 500 च्या बॉडीत फिल्मसमोर नुसत्या दोन झडपा आहेत. बटण दाबलं की उघडतात, सोडलं की मिटतात. उजेड सेकंदाचा 1/125 भाग आत येणार की 1/500, हे ठरवतात लेन्समधली शटरची पाती, आणि एफ लेन्समध्ये ती नसतातच. म्हणजे बोट बटणावर असेपर्यंत उजेड आत येतच राहणार.

विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: ‘बसते म्हणालो होतो, चालते कुठं म्हणालो?’

जाहिरातीतले सगळे फोटो समोरून काढलेले. बाजूचा फोटो मागा. आत शटर असलेल्या सी, सीएफ, सीबी, सीएफआय, सीएफई या मालिकांच्या लेन्सवर 1 पासून 500 पर्यंत आकडे आणि बी (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) असलेली शटरची कडी असते. ती दिसली नाही तर पुढे बोलूच नका. मामिया कंपनीच्या आरबी67 कॅमेऱ्यावाल्यांनाही असंच तिच्याच आरझेड67 ची लेन्स देऊन फसवतात. त्या लेन्सचं शटर विजेवर चालतं, आरबीवर ते चालत नाही.

कडी असली तरी 1 सेकंदावर ठेवून समोरून व्हिडिओ मागवा. सेकंदाला 30 चौकटींच्या व्हिडिओत पाती साधारण 30 चौकटी उघडी दिसायला हवीत. चाळीस-पन्नास भरल्या तर आतलं ग्रीस वाळलंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरा. मग टॉर्च तिरपा धरून काच बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती सहसा धरत नाही, पण मुंबई-कोकणातून आलेली लेन्स ती घेऊनच येते.

लेन्स चढवताना बॉडी आणि लेन्स दोन्ही कॉक केलेल्या (शटर ताणून तयार) हव्यात, लेन्सच्या मागची खाच लाल ठिपक्यासमोर. नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि विकणारा म्हणतो, तुम्हीच मोडली.

पैसे पाठवण्याआधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: ‘500 सीएमवर 1 सेकंद ते 1/500 सगळे वेग चालतात, नाही चाललं तर परत.’ ‘बसते’ हा शब्द त्यात नको.