पीएफयू पॉलिमरेज, सहा महिन्यांच्या वापरानंतर: सगळं अडतं मॅग्नेशियमपाशी

पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) प्रती बनवणारी टॅक आणि पीएफयू ही दोन एन्झाइमं. टॅक सोडून पीएफयू घ्यायचं कारण एकच, प्रतीत चुका कमी. पण चालू असलेली पीसीआर अचानक बंद पडली आणि डीएनए तपासायची जेल कोरी दिसू लागली, तेव्हा एन्झाइमच नाजूक आहे असं मत झालं होतं. ते आता मागे घेतो. बिघाड मॅग्नेशियमच्या हिशोबात होता.

बफरमध्ये मॅग्नेशियम २ मिलिमोलर. चार डीएनटीपी (डीएनए बांधायच्या सुट्या विटा) प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, म्हणजे एकूण ०.८ मिलिमोलर, आणि प्रत्येक डीएनटीपी साधारण एक मॅग्नेशियम धरून बसतो. मोकळं उरलं १.२. जास्त डीएनए मिळेल म्हणून डीएनटीपी दुप्पट केले की उरतं ०.४. त्यात टेम्प्लेट (ज्याची प्रत काढायची तो डीएनए) टीई बफरमध्ये ठेवलेलं असेल आणि ५० मायक्रोलिटरमध्ये त्याचे १० मायक्रोलिटर घातले, तर टीईमधला, मॅग्नेशियम धरून ठेवणारा ईडीटीए आणखी ०.२ खातो. एन्झाइम कितीही ओता, काही होत नाही.

कारण एन्झाइमच्या सक्रिय जागेत मॅग्नेशियमचे दोन आयन लागतात. एक डीएनटीपीबरोबरच येतो, त्याचे फॉस्फेट सांभाळतो आणि पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेटांचा तुकडा) सुटायला मदत करतो. दुसरा मोकळ्या साठ्यातून येतो. तो प्रायमरच्या (प्रत जिथून सुरू होते तो छोटा डीएनए तुकडा) ३' टोकावरच्या हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन सैल करतो, तेव्हाच तो ऑक्सिजन अल्फा फॉस्फेटवर हल्ला करू शकतो.

योग्य डीएनटीपीची निवड मात्र आकारावर होते, आणि हा भाग खरोखर सुंदर आहे. ए-टी आणि जी-सी जोड्यांची रुंदी जवळपास सारखीच, त्यामुळे जोडी बरोबर असेल तर एन्झाइमची ‘बोटं’ (त्याचा हलणारा भाग) नीट मिटतात. चुकीची असेल तर मिटत नाहीत आणि जोडणी मंदावते. तरीही चूक घुसलीच, तर सैल झालेलं टोक दुसऱ्या कप्प्यात सरकतं आणि तिथे कापलं जातं. टॅकमध्ये हा कप्पा चालू नसतो.

तेव्हा जेलवर बँड (डीएनएची रेघ) नाही म्हणून मॅग्नेशियम बेधडक वाढवू नका. प्रायमर नको तिथे चिकटतात, चुकाही वाढतात. मँगनीज तर घालूच नका, निवडच ढिली पडते.

तक्रार एकच उरते: डीएनटीपी नसताना हा कापणारा कप्पा प्रायमरच कुरतडतो. एन्झाइम सगळ्यात शेवटी, बर्फावर घाला. प्रायमरच्या ३' टोकाला फॉस्फोरोथायोएट बंध (सहज न कापला जाणारा) असेल तर उत्तमच. प्रत वाढण्याच्या टप्प्याला किलोबेसमागे (हजार बेसमागे) दोन मिनिटं द्या, टॅकचं एक मिनिट इथे पुरत नाही. डीयूटीपी (युरॅसिलवाली वीट) असलेलं मिश्रण वापरू नका, टेम्प्लेटमध्ये युरॅसिल आलं की पीएफयू तिथेच थांबतो. आणि टेम्प्लेट टीईऐवजी १० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये ठेवा.