चिपी ते अगत्ती: अंतर बिनचूक, वेळ मात्र फसवी

आईवडिलांना लक्षद्वीप दाखवायचे ठरले, तेव्हा दोन विमानतळांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारे एक मोफत संकेतस्थळ मी प्रथम उघडले. आम्ही कुडाळचे, त्यामुळे चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ घराजवळचा. त्याचे एसडीडब्ल्यू आणि लक्षद्वीपमधील अगत्ती विमानतळाचे एजीएक्स ही सांकेतिक अक्षरे भरताच उत्तर आले: सुमारे 595 किलोमीटर, सव्वा तास.

अंतराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन, पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरून मी स्वतः हिशेब केला, तेव्हा तोच आकडा मिळाला. पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने या रीतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे येथे फार तर तीन किलोमीटर. प्रवाशाला त्याने काही अडत नाही. लहान विमानतळही यादीत आहेत, हे मला विशेष आवडले.

वेळेचा हिशेब मात्र मोठ्या जेट विमानाचा आहे. ताशी 800 किलोमीटर वेग धरायचा आणि उड्डाण व उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवायचा, एवढ्यावर तो सव्वा तास उभा आहे. अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1200 मीटरची, चिपीच्या 2500 मीटरच्या निम्मीही नाही. तेथे एटीआर 72 सारखे पंख्याचे विमान उतरते आणि त्याचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्याच अंतराला त्याला पावणेदोन तास धरावे लागतील.

त्याहून गंभीर उणीव अशी की, या मार्गावर थेट विमान जाते की नाही, याबद्दल त्या पानावर एक अक्षरही नाही. मी शोधले तेव्हा असे विमान नव्हते. आम्हाला गोव्यातील मोपा विमानतळापर्यंत मोटारीने, तेथून कोची सुमारे 680 किलोमीटर आणि कोचीहून अगत्ती सुमारे 468 किलोमीटर, असे जावे लागणार आहे; म्हणजे हवाई अंतरच साडेअकराशेच्या घरात, जवळजवळ दुप्पट. त्यात विमान बदलताना होणारा खोळंबा वेगळाच, आणि लक्षद्वीपचा प्रवेश परवाना आधी काढावा लागतो तो निराळाच.

वडिलांचे गुडघे दुखतात. ‘सव्वाच तास ना, मग येतो,’ असे म्हणून ते तयार झाले होते, आणि खरा प्रवास समजावून सांगताना मला फार वाईट वाटले. ‘थेट सेवा असल्यास’ एवढे तीन शब्द त्या वेळेपुढे छापले असते, तर ही वेळ आली नसती. अंतरासाठी हे संकेतस्थळ मी अवश्य सुचवेन. वेळेसाठी विमान कंपनीचे वेळापत्रकच पाहावे. आम्ही आता कोचीत एक रात्र मुक्काम धरून बेत आखला आहे, आणि वडील येणार आहेत.