इन्सुलेशन घेताय? लॅब रिपोर्ट, सीई की कीमार्क, आधी हे बघा

दोन कंपन्यांची डेटाशीट समोर आली की नजर थेट लॅम्डावर (मालातून उष्णता किती सहज जाते तो आकडा) जाते, ०.०३२ की ०.०३५, कमी तो चांगला. खरंय, पण तो आकडा कुणी आणि कशावरून काढला हे आधी बघा.

सगळ्यात कच्चा पुरावा म्हणजे नुसता लॅब रिपोर्ट. लॅब कितीही नावाजलेली असू दे, आत कुठेतरी "नमुना ग्राहकाने पुरवला" अशी ओळ बऱ्याचदा असते, आणि इथे ग्राहक म्हणजे कंपनी बरं का, तुम्ही नाही. म्हणजे त्यांनीच निवडून दिलेल्या तुकड्याचा तो आकडा, गोदामातल्या मालाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

युरोपातलं सीई मार्किंग, म्हणजे तिथे माल विकायला लागणारी खूण, याहून बरंच बरं. तिथे लॅम्डा ९०/९० पद्धतीने जाहीर करावा लागतो, म्हणजे निदान ९० टक्के माल त्या आकड्याइतका किंवा त्याहून चांगला निघेल याची ९० टक्के खात्री, आणि वर तो आकडा राउंड करायचा तोही चढत्या बाजूलाच. पण लॅम्डापुरतं बोलायचं तर बाहेरच्या लॅबची टेस्ट फक्त सुरुवातीला होते, पुढची फॅक्टरीतली तपासणी कंपनी स्वतःच करते (इथेच खरी मेख आहे).

कीमार्क (युरोपातलं दर्जाचं प्रमाणपत्र) किंवा फ्रान्सचं तसंच आसेर्मी, हे ऐच्छिक. यात बाहेरचा माणूस फॅक्टरीत येतो, नमुना स्वतः उचलतो, आणि हे अधूनमधून होत राहतं. माझं मत विचाराल तर मोठं काम असेल, किंवा एनर्जी कॅल्क्युलेशनमध्ये हा आकडा भरायचा असेल, तर हेच मागा. छोट्या कामाला सीई पुरे.

अजून एक, तापमान. युरोपात टेस्ट सरासरी १० अंश सेल्सिअसला, अमेरिकेत ७५ फॅरनहाइट म्हणजे साधारण २४ अंशाला, आणि खनिज लोकर (रॉकवूल, ग्लासवूल) किंवा थर्माकोलसारख्या मालाचा लॅम्डा तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करूच नका. पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट) या कडक फोमचं तर वेगळंच, आतला गॅस वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो, म्हणून ताज्या मालाचा आकडा गोड दिसतो, तुम्ही एजिंग धरून काढलेलाच मागा.

तसा तो धरूनही पीआयआर पुढेच राहतो म्हणा, ०.०२२ ला १०० मिमीत आर (उष्णतेला होणारा अडथळा, जास्त तो चांगला) साधारण ४.५, तर ०.०४० च्या लोकरीला २.५.

आणि सर्टिफिकेट हातात आलं की त्यावरचं प्रॉडक्टचं नाव, जाडी आणि फॅक्टरी हे पॅकवरच्या लेबलशी जुळतंय का बघा, एकाच कंपनीच्या दुसऱ्या फॅक्टरीचा माल त्यात धरलेला असेलच असं नाही.